धून दुसऱ्याकडे असताना

लहानपणी आमच्या घरी संध्याकाळी साडेसहा ते आठ ही वेळ दादाच्या तबल्याची होती, आणि म्हणून ती माझ्या लेहऱ्याचीही, म्हणजे तबल्याला आधार देणाऱ्या सुरावटीचीही, होती. दादा कायदे, रेले, तुकडे वाजवीत असे आणि मी पेटीवर चंद्रकंसातली सोळा मात्रांची एकच ओळ, तसूभरही न बदलता, पुन्हा पुन्हा वाजवीत राही. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला हे काम शिक्षेसारखे वाटावे, यात नवल नाही. एकदा दादाचे गुरुजी घरी आले. त्यांनी बराच वेळ डोळे मिटून ऐकले आणि दादाला काही सांगण्याआधी ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बाळ, तू वाजवतेस, पण ऐकत नाहीस. तो कुठून निघालाय आणि कुठे चाललाय हे तुझ्या बोटांना कळलं पाहिजे." ओळ तीच, लय तीच, सूर तेच, मग दादाचे ऐकून माझ्या वाजवण्यात फरक कसला पडणार, हे मला तेव्हा कळले नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी ते कळले, आणि तेही तबल्याच्या मैफलीत नव्हे, तर लंडनमध्ये झालेल्या एका पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या कार्यक्रमाची चित्रफीत पाहताना.

तो कार्यक्रम ३० ऑगस्ट १९६९ रोजी थेम्सच्या दक्षिण काठावरील क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये झाला. संगीतकार शूबर्टचे 'ट्राउट' पंचक वाजवायला पाच जण बसले होते: पियानोवर डॅनियल बारेनबॉइम, व्हायोलिनवर इट्झाक पर्लमन, व्हिओलावर पिंकस झुकरमन, चेलोवर जॅकलिन द्यू प्रे आणि डबल बेसवर आपल्या मुंबईचे झुबीन मेहता. बारेनबॉइम सव्वीस वर्षांचे होते, द्यू प्रे चोवीस, झुकरमन एकवीस, आणि पर्लमनचा चोविसावा वाढदिवस दुसऱ्याच दिवशी होता. तेहतीस वर्षांचे मेहता त्यांच्यात थोरले. पर्लमन आणि झुकरमन यांनी न्यूयॉर्कची प्रतिष्ठेची लेव्हेंट्रिट स्पर्धा अनुक्रमे १९६४ आणि १९६७ मध्ये जिंकलेली होती. द्यू प्रेने विसाव्या वर्षी संचालक बार्बिरोलींबरोबर ध्वनिमुद्रित केलेला एल्गारचा चेलो कन्चेर्तो, म्हणजे एकल चेलो आणि वाद्यवृंद यांची रचना, जगभर ऐकला जात होता. आणि मेहता १९६२ पासून लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे संगीत-संचालक होते. एकट्याच्या नावावर सभागृह भरावे, अशा योग्यतेची ही माणसे. क्रिस्टोफर नूपेन यांनी तालमींपासून मंचापर्यंत त्यांच्या मागे कॅमेरा नेला, आणि त्या चित्रपटात ही मंडळी पडद्यामागे एकमेकांची वाद्ये हिसकावून घेऊन पोरांसारखी खेळतानाही दिसतात. त्या खेळाचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. मला मात्र तो खेळ थांबल्यानंतरचे सारे अधिक मोलाचे वाटते.

चेंबर म्युझिक म्हणजे मुळात दिवाणखान्यातले संगीत. प्रत्येक ओळीला एकच वादक, समोर काठी घेऊन उभा असलेला संचालक नाही, आणि चुकले तर आडोसा घ्यायला शेजारी तीच ओळ वाजवणारे आणखी पंधरा जण नाहीत. शूबर्टने हे पंचक १८१९ मध्ये लिहायला घेतले, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. गायक फोगल यांच्यासोबत तो श्टायर या ऑस्ट्रियातल्या गावी गेला होता, आणि तिथल्या सिल्व्हेस्टर पाउमगार्टनर या हौशी चेलोवादकाच्या सांगण्यावरून ही रचना झाली, असे मानले जाते. ती छापली गेली १८२९ मध्ये, म्हणजे शूबर्ट वारल्यानंतर. पियानोला जोडून चार तंतुवाद्ये घ्यायची, तर दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो अशी मांडणी पुढे रूढ झाली. इथे मात्र एक व्हायोलिन वगळून डबल बेस आला आहे. या एका बदलामुळे सगळ्या घराची रचनाच पालटते. तळाचा भार बेसने उचलल्यामुळे चेलो मोकळा होऊन गाऊ लागतो, आणि पियानोच्या डाव्या हातालाही खालच्या सप्तकात पाय रोवून बसण्याचे कारण उरत नाही. तो उजव्या हाताच्या जोडीने वर जातो आणि दोन्ही हात सप्तकाच्या अंतराने एकच ओळ झऱ्यासारखी वाजवीत सुटतात. रचनेचे तेज त्या वरच्या पाण्यात दिसते, पण ते शक्य होते तळाशी कोणीतरी उभे आहे म्हणून.

या पंचकाच्या पाच भागांपैकी चौथा भाग शूबर्टच्याच 'ट्राउट' या गीताच्या धुनेवर आधारलेला आहे. आधी चारही तंतुवाद्ये पियानोशिवाय ती धून साधेपणाने मांडतात आणि मग तिची रूपे एकामागून एक उलगडत जातात. पहिल्या रूपात धून पियानोकडे आहे, दुसऱ्यात ती व्हिओलाकडे जाते आणि व्हायोलिन तिच्याभोवती नक्षी काढते. तिसऱ्या रूपात धून थेट तळाला उतरते. चेलो आणि डबल बेस ती धरतात आणि वर पियानो अतिद्रुत सुरांची अखंड धार सोडतो.

ते तिसरे रूप मी पहिल्यांदा ऐकले, तेव्हा माझ्या बोटांना आधी कळले आणि मनाला नंतर. हा तर लेहरा होता! वर रेल्यासारखी धावणारी, श्रोत्यांचे सारे लक्ष ओढून घेणारी वादनक्रिया, आणि खाली शांतपणे, आपल्या वजनाने चालणारी ओळखीची ओळ. फरक एवढाच की खाली लेहरा धरणारी माणसे झुबीन मेहता आणि जॅकलिन द्यू प्रे होती. शंभर वादकांना नुसत्या हाताच्या हालचालीने चालवण्याची सवय असलेला माणूस वाद्यमेळातले सर्वांत कमी मिरवणारे वाद्य घेऊन त्या धुनेचा एकेक सूर ठेवीत होता, आणि ठेवताना त्याचे कान पियानोवर होते. बारेनबॉइमच्या सुरांचा पुंजका जिथे ओळीच्या शेवटाकडे झुकतो, तिथे खालचा सूर किंचित अधिक पोक्त होऊन येतो. लय हलत नाही, सूर बदलत नाही, पण आधार मिळतो. गुरुजी माझ्याकडे जे मागत होते ते हेच होते, हे त्या क्षणी लक्षात आले.

तेव्हापासून नामवंत एकलवादक एकत्र येऊन वाजवतात असे कुठलेही ध्वनिमुद्रण हाती आले, की मी ऐकण्याची रीत उलटी करते. धून ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे कान न देता, ज्याने ती नुकतीच दुसऱ्याच्या हाती दिली आहे त्याचा मागोवा घेते. श्रेष्ठ वादक आपली धून उत्तम वाजवणारच; तेवढ्यासाठी त्याला चौघांत बसण्याची गरज नाही. त्याच्याजवळ आता फक्त चार साधे सूर उरले आहेत, तेव्हा तो कसा वाजवतो, यावर त्या एकत्र येण्याची खरी पारख होते.

हे त्यांना जड जाते, आणि त्याची कारणे स्वभावापेक्षा घडणीत अधिक आहेत. कन्चेर्तो वाजवणाऱ्याचा सूर लहानपणापासून अशा तऱ्हेने घडवलेला असतो की ऐंशी वाद्ये मागे गर्जत असताना तो शेवटच्या रांगेपर्यंत वेगळा पोहोचावा. त्यासाठी तो गज तारेवर अधिक दाबून चालवतो, कंपन रुंद ठेवतो, आणि चढत्या ओळीत षड्जाकडे जाणारा निषाद जरा चढाच लावतो, म्हणजे सुराला धार येते. हीच तीन शस्त्रे त्रिकूटात किंवा पंचकात नेली, तर शेजाऱ्याचा सूर झाकला जातो आणि पियानोच्या पक्क्या बसवलेल्या स्वरांशी खटका उडतो. म्हणजे ज्या गुणांमुळे नाव झाले, तेच गुण दाराबाहेर ठेवून आत यावे लागते. आणि ते जर सगळेच्या सगळे बाहेर ठेवले, तर या माणसाला बोलावण्यात अर्थ काय उरला? हा पेच कायमचा आहे. स्ट्रिंग क्वार्टेटसाठी, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या मेळासाठी, दिग्गजांची मोट फारशी बांधली जात नाही आणि पियानो त्रिकूटासाठी ती वारंवार बांधली जाते, याचे कारणही मला इथेच दिसते. पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांचे आवाज मुळातच निराळे आहेत. तिथे प्रत्येकाचे व्यक्तित्व टिकूनही संवाद होऊ शकतो. क्वार्टेटमध्ये मात्र चार सख्ख्या वाद्यांतून एकच आवाज काढायचा असतो, आणि तो चार दिवसांच्या तालमीत निघत नाही. लंडनच्या अमॅडेअस क्वार्टेटचे चार वादक सुमारे चाळीस वर्षे तेच राहिले, आणि १९८७ मध्ये व्हिओलावादक पीटर शिडलोफ वारल्यावर उरलेल्या तिघांनी त्यांच्या जागी दुसरा न घेता क्वार्टेटच थांबवला.

या उलट्या ऐकण्याने मला सर्वांत जास्त दिले ते पियानोवादक आल्फ्रेद कोर्तो, व्हायोलिनवादक झाक तिबो आणि चेलोवादक पाब्लो कासाल्स या त्रयीने. १९०५ च्या सुमारास पॅरिसमध्ये हे तिघे तरुण एकत्र वाजवू लागले. तिघांचीही स्वतंत्र कारकीर्द जोरात होती, त्यामुळे वर्षातला थोडाच काळ ते त्रिकूटासाठी राखून ठेवीत, आणि हा शिरस्ता त्यांनी १९३० च्या दशकापर्यंत चालवला. जुलै १९२६ मध्ये लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये त्यांनी शूबर्टचे बी फ्लॅट मेजरमधले त्रिकूट ध्वनिमुद्रित केले. विजेवरचे ध्वनिमुद्रण तेव्हा अवघे वर्षभर जुने होते. तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटे मावत. तेवढा तुकडा वाजवायचा, थांबायचे, आणि पुढच्या तुकड्याला पुन्हा त्याच भावात शिरायचे. जोडकाम नाही, दुरुस्ती नाही.

त्यातला दुसरा, संथ भाग पियानोच्या पाळण्यासारख्या झुलत्या साथीवर सुरू होतो आणि चेलो एक लांबलचक धून गातो. कासाल्स ती गातात तेव्हा आपण थक्क होतो, ते ठीकच आहे. पण मग तीच धून तिबोंच्या व्हायोलिनकडे जाते आणि चेलोच्या वाट्याला तिच्या खालून चालणारी एक उपओळ येते. माझे कान तिथे थांबतात. विसाव्या शतकातला बहुधा सर्वांत मोठा चेलोवादक त्या ठिकाणी आपला आवाज असा आवरून घेतो की तो मावळला असे वाटावे, पण तो मावळलेला नसतो. तिबोंचा सूर जिथे श्वास घेतो, नेमक्या त्या फटीत चेलोची ओळ उमलते आणि व्हायोलिन परत आले की मागे सरते. आपल्याकडे सारंगीच्या किंवा पेटीच्या चांगल्या साथीत ख्यालगायकाच्या विरामात जो एक सूर मागे दरवळत राहतो, त्याची मला दर वेळी आठवण होते. गायकाला थांबण्याची मुभा मिळते, कारण थांबला तरी गाणे थांबणार नाही, याची हमी शेजारी बसलेली असते. तिबोंची ती ऐसपैस, मुरकी घेणारी लय कासाल्सच्या त्या हमीवर उभी आहे.

या तिघांची पुढची कहाणी दुःखाची आहे. दुसऱ्या महायुद्धात कोर्तो यांनी जर्मनांच्या अंकित असलेल्या विशी सरकारात पद स्वीकारले, आणि हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीमुळे स्पेन सोडून फ्रान्समध्ये प्राद या गावी राहिलेल्या कासाल्सना ते सहन होण्यासारखे नव्हते. १९५३ मध्ये तिबो फ्रेंच आल्प्समध्ये विमान अपघातात गेले. त्यांचे स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिनही त्यांच्याबरोबर गेले. १९५८ च्या जुलैत कोर्तो प्रादला आले आणि एक्याऐंशी वर्षांच्या कासाल्सबरोबर ऐंशी वर्षांचे कोर्तो पुन्हा वाजवायला बसले. कोर्तो यांचे ते अखेरचे जाहीर वादन ठरले. ज्याने राजकारणात कधी तडजोड केली नाही त्या माणसाने या एकाला पुन्हा शेजारी बसू दिले, ते का, याचा मी फार विचार केला आहे. १९२६ च्या त्या तबकड्या ऐकल्यावर मला तरी वाटते की ज्याच्या श्वासाची लांबी आपल्याला वीस-पंचवीस वर्षे ठाऊक आहे, त्याच्याशी धरलेला अबोला शेवटपर्यंत निभत नाही.

व्हायोलिनवादक हायफेट्झ, पियानोवादक रुबिनस्टाइन आणि चेलोवादक फॉयरमन यांनी १९४१ मध्ये हेच शूबर्टचे त्रिकूट अमेरिकेत ध्वनिमुद्रित केले, म्हणून तुलना सोपी होते. वादनात एकही डाग नाही. फॉयरमन यांचा चेलो मला त्या तिघांत सर्वांत जास्त ऐकणारा वाटतो. पुढच्याच वर्षी, एकोणचाळिसाव्या वर्षी, शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीने ते गेले. पण धून दुसऱ्याकडे असतानाही हायफेट्झचा सूर एक पाऊल पुढेच उभा असतो, आणि माझे मन तिथे अडते. फॉयरमन यांच्या जागी पियाटिगोर्स्की आले, १९४९ मध्ये शिकागोजवळच्या रॅव्हिनिया महोत्सवात त्यांचे कार्यक्रम झाले आणि वृत्तपत्री जगाने त्यांना 'दशलक्ष डॉलरचे त्रिकूट' असे नाव दिले. जाहिरातीत कोणाचे नाव आधी छापायचे यावरून हायफेट्झ आणि रुबिनस्टाइन यांच्यात वाद झाला, आणि ती जुळणी लवकरच मोडली. नावांचा हा क्रम क्षुल्लक वाटतो, पण त्याला इतिहास आहे. अठराव्या शतकात अशा रचना 'व्हायोलिन आणि चेलो यांच्या साथीसह पियानोसाठी सोनाटा' म्हणून छापल्या जात. पियानोचे नाव आधी घेण्याची रूढी तिथून आली, आणि मुख्य कोण व साथीदार कोण, हा प्रश्न जन्मापासून या प्रकाराला चिकटलेला आहे.

एक योगायोग मला अस्वस्थ करतो. लंडनमध्ये ते 'ट्राउट' वाजले, त्यानंतर काही आठवड्यांतच, सप्टेंबर १९६९ मध्ये, बर्लिनमध्ये बेथोव्हनचा ट्रिपल कन्चेर्तो ध्वनिमुद्रित झाला. हा कन्चेर्तो म्हणजे वाद्यवृंदाच्या मधोमध बसवलेले पियानो त्रिकूटच. तिथे व्हायोलिनवर ओइस्त्राख, चेलोवर रोस्त्रोपोविच आणि पियानोवर रिख्टर हे तिघे होते आणि संचालनाला कारायान. याहून मोठी चार नावे त्या काळी एका वेष्टनावर छापता आली नसती. ती तबकडी प्रचंड खपली. रिख्टर यांनी मात्र पुढे तिला जाहीरपणे नाकारले. ओइस्त्राख आणि ते एका बाजूला, कारायान आणि रोस्त्रोपोविच दुसऱ्या बाजूला, अशी फळी पडली होती; त्यांना एक भाग पुन्हा वाजवायचा होता, पण कारायान छायाचित्रांसाठी घाई करीत होते, आणि वेष्टनावर सगळे हसताना दिसतात ते हसू त्यांना लाजिरवाणे वाटे. मी ती तबकडी प्रामाणिकपणे ऐकली आहे. सूर सगळे सुंदर आहेत. दुसऱ्याच्या सुराची वाट पाहिली जात आहे, असे मला कुठेही ऐकू आले नाही.

मग लंडनच्या त्या पाच जणांत वेगळे काय होते? तारुण्य आणि मैत्री होतीच. बारेनबॉइम आणि द्यू प्रे यांच्या लग्नाला जेमतेम दोन वर्षे झाली होती. पण माझ्या मते पाचांपैकी दोघे त्या संध्याकाळी आपल्या नावाचे वाद्य वाजवीत नव्हते, हे फार महत्त्वाचे होते. व्हायोलिनवादक झुकरमन यांनी व्हिओला घेतला होता, आणि संचालक मेहतांनी व्हिएन्नात शिकलेला डबल बेस. मेहतांच्या बाबतीत तर याची मुळे आपल्या मुंबईत आहेत. त्यांचे वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि स्ट्रिंग क्वार्टेटही चालवला. झुबीन यांनी व्हिएन्ना गाठली ती १९५४ मध्ये, अठराव्या वर्षी. त्याआधी चार जणांनी समोरासमोर बसून, एकमेकांचे ऐकत वाजवणे म्हणजे काय, हे त्या मुलाने घरातच ऐकले होते. मेहली मेहतांच्या नावाने मुंबईत जी संस्था चालते, तिच्या चेंबर म्युझिकच्या महोत्सवाचे नाव 'संगत' आहे. ते नाव ज्याने ठेवले, त्याला या संगीताचे मर्म आपल्या भाषेतून सापडले होते, असे मला नेहमी वाटते. आपण 'जुगलबंदी' हा शब्द उठता-बसता वापरतो, आणि त्यात एक चढाओढ गृहीत धरतो. संगतीत चढाओढ नाही. सोबत आहे, आणि सोबत करणाऱ्याला वाटेचे ज्ञान आहे.

द्यू प्रेच्या वाट्याला यानंतर फार थोडी वर्षे आली. बोटांतली संवेदना जाऊ लागली, १९७३ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान झाले, वादन संपले, आणि १९८७ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी ती गेली. चित्रफीत पाहताना हे विसरता येत नाही. पाचव्या रूपात धून एकट्या चेलोकडे येते, सूरपट्टी बदललेली असते, आणि तिथे सगळे तिला वाट करून देतात. त्यानंतर शेवटच्या फेरीत धून व्हायोलिनकडे आली, की मूळ गीतात पियानोला असलेली ती उसळती साथ पहिल्यांदाच अवतरते. मग चेलो धून घेतो, आणि शेवटी सगळे मिळून आवाज उतरवत नेतात.

मागच्या दिवाळीत दादा आला होता, तेव्हा मी त्याला हा चौथा भाग दाखवला. कोण वाजवते आहे, काय वाजवते आहे, मी काही सांगितले नव्हते. पहिली दोन रूपे त्याने सौजन्याने ऐकली. तिसरे सुरू झाले आणि त्याचा उजवा हात आपोआप मांडीवर आला, बोटे मात्रा मोजू लागली. पियानोची धार संपली तसा तो म्हणाला, "खाली कोण धरून बसलंय?" मी म्हणाले, "मुंबईचा आहे." त्याने तेवढा तुकडा पुन्हा लावायला सांगितला. या वेळी तो वरच्या पियानोकडे पाहत नव्हता, आणि रूप संपेपर्यंत त्याचा हात हलला नाही.